बॉयलरमित्रमधला साहेब

१ डिसेंबर १९९५, शुक्रवार

ही डायरी एका व्हॉल्व्ह कंपनीने जानेवारीत फुकट दिली होती. इतके दिवस कुंदा तिच्यात भिशीच्या बायकांचे पत्ते लिहीत होती. आज मी ती परत मागून घेतली, कारण आजपासून माझ्या आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काहीतरी घडू लागलं आहे. ‘बॉयलरमित्र’ला पुरस्कार मिळाला.

फोन खाली जनूच्या फ्रेमच्या दुकानात आला. आमच्या ऑफिसला अजून फोन नाही, अर्ज केलेला आहे. शुक्रवार म्हणजे एमआयडीसीची सुट्टी, त्यामुळे अर्धं अंबरनाथ देवांच्या तसबिरींना काचा लावून घ्यायला दुकानात आलेलं. त्या सगळ्यांसमोर मी फोनवर तीनदा “मला?” असं विचारलं. जिल्ह्यातल्या रसायन कारखानदारांची एक परिषद आहे, ती दरवर्षी बक्षिसं वाटते. सुरक्षिततेला, निर्यातीला आणि कारखान्याच्या आवारातल्या बागेला. यंदा पहिल्यांदाच ‘प्रशिक्षणासाठी संगणक प्रणाली’ असा विभाग काढला आणि त्यात आम्ही पहिले आलो. स्पर्धेत एकूण किती जण होते, हे विचारायचं मी मुद्दाम टाळलं.

पुढच्या पिढ्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवतो. मी कमळाकर टिपणीस. इथल्याच एका रंगाच्या कारखान्यात बॉयलर हाऊसचा इन्चार्ज होतो. कारखाना विकला गेला, आम्हाला नारळ आणि हार देऊन घरी पाठवलं. घरी बसल्या बसल्या मला सुचलं, की विमान चालवणाऱ्याला जमिनीवर बसवून आधी खोटं विमान चालवायला देतात, मग बॉयलर चालवणाऱ्याला खोटा बॉयलर का देऊ नये? खोटा बॉयलर फुटला तर फक्त स्पीकर वाजतो. कल्पना माझी. कॉम्प्युटरवर ती उतरवली माझ्याकडे कामाला असलेल्या बदलापूरच्या नीलिमाने, पण कल्पना माझी.

पडद्यावर पाण्याची काचनळी दिसते, प्रेशरचा काटा दिसतो. शिकाऊ माणूस समोर बसतो. सगळं सुरळीत चाललेलं असताना पंप बंद पडतो आणि नळीतलं पाणी उतरायला लागतं. अशा वेळी शहाणपण एकच: आग बंद करायची, उत्पादन गेलं खड्ड्यात. हे कुठल्याही पुस्तकात आहे. आमच्यात जास्त काय आहे, तर साहेब. पाणी उतरू लागलं की स्पीकरमधून साहेबाचा आवाज येतो: “अरे, पाच मिनिटं थांब. एवढी बॅच निघू दे. काही होत नाही, मी आहे ना.” त्याचं ऐकलं की बॉयलर फुटतो आणि पडद्यावर अक्षरं येतात, ‘ऑपरेटर नापास’. साहेब नापास होत नाही. परीक्षकांना म्हणे हा साहेबच सगळ्यात आवडला.

संध्याकाळी कुंदा पोस्टातल्या नोकरीवरून आली तेव्हा सांगितलं. “अगं बाई,” म्हणाली, आणि कुकरची रिंग आणलीत का विचारलं. शिट्टी होते आहे तोवर रिंगला काय धाड भरली आहे? पुरस्काराच्या दिवशी तरी माणसाला रिंग विचारू नये.

५ डिसेंबर, मंगळवार

साहेबाच्या आवाजाची गोष्ट भाषणात सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो. तो कुणी काल्पनिक साहेब नाही. तो दिनानाथ वर्टींचा आवाज आहे. वर्टी आमचे वर्क्स मॅनेजर. माणूस कायम वरच्या मजल्यावर, एअरकंडिशनरखाली. इंटरकॉमवरून मला सांगायचे, “टिपणीस, बंद करू नका, बॅच निघू द्या,” आणि मी खाली बॉयलरवर जायचो. अशा माणसाचा कुठेतरी सूड घ्यायला हवा होता.

आवाज काढला धर्मराजने. धर्मराज आमच्याकडे बॉयलर अटेंडंट होता. कारखाना गेल्यावर वांगणीला आपल्या शेतावर काकडी-दुधी लावतो. कारखान्याच्या गणपतीत तो नकला करायचा, हे मी ऐकून होतो. माझ्या ड्युटीत कधी केल्या नाहीत, पण लोक सांगायचे की बघण्यासारख्या असतात. गेल्या वर्षी त्याला ऑफिसात बोलावलं आणि म्हटलं, धर्मराज, वर्टीसाहेबांचा आवाज काढ. त्याने माझ्याकडे बघितलं, नीलिमाकडे बघितलं, मान हलवली आणि माइक हातात घेतला. सगळी वाक्यं एका दमात. ‘पाच मिनिटं थांब’ म्हणताना थोडा नाकात बोलला आणि ‘मी आहे ना’च्या आधी घसा खाकरला. वर्टी खाकरत असल्याचं मला आठवत नाही, पण कलाकाराला एवढी सूट द्यायला हवी.

ऐकता ऐकता नीलिमा पेन शोधायला टेबलाखाली वाकली ती बराच वेळ वर आलीच नाही. कुंदाने घरी कॅसेट ऐकली आणि हसून हसून ओट्याला धरून उभी राहिली. तिने वर्टींना जन्मात एकदा पाहिलं आहे, तेही लांबून. पण काही माणसांचा अख्खा स्वभाव आवाजात असतो, त्याला कोण काय करणार. ज्या दोन कारखान्यांनी ‘बॉयलरमित्र’ घेतलं तिथे मी स्वतः शिकवायला जातो. साहेब बोलला की शिकाऊ लोक आधी स्पीकरकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग हसतात. वर्टींची कीर्ती कुठवर पोचली आहे ते यावरून दिसतं.

११ डिसेंबर, सोमवार

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात ‘मानवाने अग्नीचा शोध लावला’ इथून केली आहे. गोपी ललवाणी आला होता. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये त्याचं दुकान आहे, आमचा कॉम्प्युटर त्याच्याचकडचा. त्याला वाचून दाखवलं. अग्नीचा शोध लागून चाक यायच्या आधीच त्याने मला थांबवलं. “साईं, छोटा बोलना. लोग उधर खाने के लिए आते हैं.” कॅम्पच्या लोकांना धंदा कळतो, भाषण कळत नाही. तरी चाक काढून टाकलं.

१८ डिसेंबर, सोमवार

निमंत्रणपत्रिका आली. समारंभ एकोणीस जानेवारीला, कॅम्प एकमधल्या पंचायत हॉलमध्ये. त्यात छापलं आहे: विजेत्या प्रणालीचं प्रात्यक्षिक होईल. त्याखाली छापलं आहे: प्रमुख पाहुणे श्री. दिनानाथ वर्टी.

पत्रिका मी जनूच्या दुकानातच उघडली. जनू म्हणाला, बसा, पाणी प्या. वर्टी आता एका मोठ्या समूहाचे संचालक झालेत. बदलापूरपासून कळव्यापर्यंत त्यांचे कारखाने आहेत. जो माणूस मनात आणलं तर ‘बॉयलरमित्र’ सगळीकडे लावू शकतो, त्याच्याच समोर मी त्याचीच नक्कल लाउडस्पीकरवर लावणार. याला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात. माझा धोंडा पुरस्कारप्राप्त आहे, एवढाच फरक.

१९ डिसेंबर, मंगळवार

नीलिमाला सांगितलं, प्रात्यक्षिकापुरता साहेब काढून टाक. फार गोड बोलून सांगितलं. पोरगी दिवसभरात चार वाक्यं बोलते. त्यातली तीन आज एकदम बोलली.

“सर, आग कुठल्या बटणाने बंद होते ते प्रत्येकाला माहीत असतं. ते दाबताना हात जड का होतो, तेवढंच आपण शिकवतो. साहेब गेले की उरला कॅलेंडरवरचा बॉयलर.”

मी म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, काही होत नाही. त्यावर चौथं वाक्य आलं. “साहेब जाणार असतील तर मीही जाते, पुण्याच्या कंपनीला मी अजून नकार कळवलेला नाही.”

मी पाच मिनिटं विचार करतो म्हणालो आणि चहा प्यायला खाली गेलो. ती गेली तर ऑफिसात मी आणि कॉम्प्युटर. मला तो चालू करता येतो आणि बंद करता येतो. पण वर्टींनी आवाज ओळखला तर ऑफिसच राहणार नाही. तरुण मुलांना तत्त्वं परवडतात. मी तिच्या वयाचा असताना मलाही परवडली असती, पण तेव्हा ड्युटी असायची.

२९ डिसेंबर, शुक्रवार

नीलिमा मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली. संधी साधली. गोपीला स्कूटरवरून बोलावून घेतलं. माझी योजना साधी आणि, मला वाटतं, कुणालाही सुचली नसती अशी. साहेब काढायचा नाही. फक्त धर्मराजने केलेली नक्कल पुसायची आणि तिथे एका सामान्य, सभ्य माणसाचा आवाज घालायचा. वर्टी सुटले, नीलिमा सुटली. सामान्य सभ्य माणूस म्हणून मी स्वतःच माइकसमोर बसलो. नक्कल नाही, काही नाही. घरी बोलतो तसं बोललो: अरे, पाच मिनिटं थांब.

गोपीने दोन्ही आवाज एकामागोमाग एक लावले. मग म्हणाला, “साईं, नया कौनसा है?”

मलाही ओळखू येईना. इतकी वर्षं एका माणसाच्या हाताखाली काढली की त्याचा आवाज आपल्यात मुरतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं, आज ऐकलं. मी साधा बोलायला गेलो तरी वर्टीच बाहेर पडतो. मग गोपीला बोलायला लावलं. त्याने ‘पाँच मिनट रुक’ इतक्या प्रेमाने म्हटलं की त्या पाच मिनिटांत तो कुणाला तरी टीव्ही विकणार असं वाटलं. शेवटी धर्मराजचाच आवाज होता तसा ठेवून दिला.

माझ्या आवाजाची कॅसेट घरी आणली. कुंदाला दोन्ही ऐकवून विचारलं, यातला वर्टी कुठला? “एकही नाही,” ती म्हणाली आणि कणीक मळत राहिली. कुंदाला गाण्याची आवड आहे, पण कान नाही.

९ जानेवारी १९९६, मंगळवार

सफारी शिवून आला. पोटाशी घट्ट आहे, पण स्टेजवर श्वास घ्यायचं काय काम. नीलिमाशी सध्या फक्त कामापुरतं बोलणं होतं. साहेब आहे तसाच ठेवला आहे हे तिला सांगितलं, आणि तो माझाच निर्णय असल्यासारखं सांगितलं. तिने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा बऱ्या नजरेने बघितलं. पुण्याचं काय केलंस, हे विचारायचा धीर झाला नाही.

कुंदाने कुकरची रिंग स्वतःच आणली.

१६ जानेवारी, मंगळवार

आता एक आशा आहे. वर्टींचं वय झालं, ऐकू कमी येत असेल. पुरस्कार घ्यायला निघालेला माणूस पाहुण्याच्या बहिरेपणासाठी देवाला हात जोडतो, असं पूर्वी कधी झालं नसेल.

२० जानेवारी, शनिवार

काल घरी आल्यावर लिहायचं त्राण नव्हतं. आता क्रमाने लिहितो, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच लिहीन.

हॉल भरलेला होता. पुढे कारखानदार आणि त्यांच्या बायका, मागे ज्या कारखान्याला सुरक्षिततेचं बक्षीस मिळालं तिथले कामगार, एका टेम्पोत बसून आलेले. धर्मराज वांगणीहून पांढरा सदरा घालून आला होता, कुंदाशेजारी बसला. बागेचं बक्षीस झालं, निर्यातीचं झालं. मग निवेदक म्हणाला की आता प्रात्यक्षिक, आणि नीलिमाने माइक घेऊन विनंती केली, ऑपरेटरच्या खुर्चीत प्रमुख पाहुण्यांनीच बसावं. मला ठाऊकच नव्हतं. मी स्टेजवर हसऱ्या चेहऱ्याने बसलो होतो, तो चेहरा तसाच राहून गेला.

वर्टी खूश झाले. कोटाचं बटण सोडून बसले. मोठ्या टीव्हीवर बॉयलर, सगळ्या हॉलला दिसत होता. पंप बंद पडला. पाणी उतरू लागलं. वर्टींना मानलं पाहिजे, पाणी जरा हललं तोच त्यांचा हात बटणाकडे गेला होता. तेवढ्यात लग्नातल्या त्या प्रचंड भोंग्यांतून आवाज आला. अरे, पाच मिनिटं थांब. एवढी बॅच निघू दे. खाकरणं. काही होत नाही, मी आहे ना.

आणि वर्टींचा हात थांबला. मी तीन फुटांवरून पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना थांबवत आलेला माणूस, त्याला कुणीतरी थांब म्हटल्यावर मुकाट्याने थांबला. हात परत गुडघ्यावर. पाणी दिसेनासं झालं आणि बॉयलर असा फुटला की हॉलच्या छपरातली कबुतरं बाहेर पडली. ‘ऑपरेटर नापास’. मागच्या कामगारांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या थांबेचनात.

वर्टी उठले. माझ्याकडे वळून माइकमध्ये म्हणाले, “टिपणीस, आवाज तुमचा आणि नापास मी?”

हॉल हसला. मीही हसलो. मनात म्हटलं, काय बेरकी माणूस आहे. स्वतःचा आवाज ओळखला आणि सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात घातला. पण चिडलेले दिसले नाहीत, म्हणून जीव भांड्यात पडला. पुरस्कार त्यांच्याच हातून घेतला. काचेचा एक जाडजूड त्रिकोण आहे, उभा राहत नाही, भिंतीला टेकवावा लागतो. भाषण केलं. अग्नीपासून सुरुवात केली आणि लोक खुर्च्या सरकवू लागलेले बघून थेट आभारावर आलो. नीलिमाचं नाव घेतलं. धर्मराजचं घ्यायचं राहून गेलं.

मग वर्टींनी मला आतल्या खोलीत नेलं. चहा सांगितला. म्हणाले, चीज चांगली आहे, माझ्या सगळ्या प्लांटना लावू. बदलापूरपासून सुरू करा. इतके दिवस ज्याला घाबरत होतो तोच माणूस मला आयुष्यभराचं काम देत होता. कप बशीत ठेवत ते म्हणाले, फक्त तो आवाज काढा. कामगाराला साहेबाचं ऐकू नको असं शिकवलंत तर उद्या प्लांट चालवायचा कुणी? बाकी सगळं उत्तम आहे.

मी म्हणालो, होऊन जाईल, साहेब.

बाहेर पटांगणात जेवणाची गर्दी होती. नीलिमा आणि धर्मराज एका कडेला दालपकवान खात उभे होते. मी जवळजवळ पळतच गेलो. सांगितलं, वर्टीसाहेबांच्या सगळ्या प्लांटची ऑर्डर आहे. सांगितलं, फक्त साहेबाचा आवाज तेवढा काढायचा, त्यात काय, पाच मिनिटांचं काम, काही होत नाही, मी आहे ना. इतकं मी एका दमात बोललो आणि मध्ये घसा खाकरलो.

नीलिमाने पकवान प्लेटमध्ये ठेवलं. धर्मराज हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. मी त्याला विचारलं, तू वर्टींचाच आवाज काढला होतास ना?

“वर्टीसायबांचा आवाज मी कवा ऐकला?” तो म्हणाला. “ते कवा बॉयलरवर आलेच नाय. त्यांचं जे काय असायचं ते तुमच्याच तोंडून यायचं. तुम्ही बोल्लात आवाज काढ, म्हणून जो ऐकलेला तो काढला. आत्ता पण तुमच्याच तोंडून आला.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उलट बोललो असतो. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडत नाही. धर्मराजने विचारलं, तुम्ही जेवलात का, आणि माझ्यासाठी प्लेट आणायला गेला. नीलिमा मशीनच्या वायरी गुंडाळायला आत गेली.

घरी येताना रिक्षात काचेचा त्रिकोण माझ्या मांडीवर होता. कुंदाने विचारलं, जड आहे का. म्हटलं, हो.

२१ जानेवारी, रविवार

कुंदाला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, “अहो, कॅम्पपासून बदलापूरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं तुम्ही मुद्दामच केलंय. मी तर तुमचं कौतुक करत होते पोस्टात.”

म्हणजे शिकाऊ लोक स्पीकरकडे बघून मग माझ्याकडे बघायचे ते यासाठी. आणि परीक्षकांनी प्रमाणपत्रात ‘दुर्मीळ विनोदबुद्धी’ लिहिलं आहे ते माझ्याविषयी. मी आजवर ते नीलिमाच्या खात्यात टाकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःवर विनोद केला आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना कळला.

दुपारभर डायरीची मागची पानं चाळली. कुकरची रिंग आणि ‘शिट्टी होते आहे तोवर’ वाचलं आणि डायरी मिटली.

मग ऑर्डरचं सांगितलं. सगळं सांगितलं, वर्टींना काय हवं आहे तेही. हो म्हटलं तर जागा, फोन, नवीन माणसं, सगळं होईल. नीलिमा जाईल, पण नवीन मुली मिळतात. नाही म्हटलं तर दोन कारखाने, जनूचा फोन आणि कुंदाचा पगार. मी तिला म्हटलं, तू सांग. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मला कशाला मध्ये घालताय, मी सांगितलं तर उद्या तिथे जाऊन म्हणाल की बायको नको म्हणते.

बरोबर आहे. तसंच म्हणालो असतो.

२२ जानेवारी, सोमवार

सकाळी ऑफिसच्या आधी जनूच्या दुकानात गेलो. वर्टींच्या ऑफिसला फोन लावला. जनू एका लग्नाच्या फोटोला चौकट ठोकत होता, त्याला हातोडी थांबव म्हणायला गेलो आणि मग राहू दिलं. त्यांच्या सेक्रेटरीने थांबायला सांगितलं. थांबलो. या वयात, सफारी न घालतासुद्धा श्वास लागत होता.

वर्टी फोनवर आले. चांगल्या मूडमध्ये होते, बदलापूरला कधी येताय म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आवाज राहणार. त्यांना नीट ऐकू गेलं नाही बहुतेक, कारण हातोडी चालू होती. मी पुन्हा म्हटलं. आवाजासकट हवं असेल तर उद्या येतो, आवाजाशिवाय द्यायचं नाही. मग ते बोलले. बराच वेळ बोलले. मी मध्ये एकदाही ‘हो साहेब’ म्हणालो नाही. ते तोंडाशी दोनदा आलं, पण गिळलं. शेवटी त्यांनी विचारलं, तुमचं हे अगदी नक्की ना, आणि मी नक्की म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. निरोपाचं काही बोलले नाहीत.

जनूने चौकट उलटी करून बघितली आणि सगळं ठीक आहे ना विचारलं. मी म्हटलं, ठीकच म्हणायचं.

जिना चढून वर गेलो. नीलिमा आलेली होती. मशीन अजून चालू केलं नव्हतं, पर्स खांद्यावरच. जायचं की बसायचं हे ठरलेलं नसावं. वर येताना तिने मला खाली फोनवर पाहिलं होतं आणि फोन कुणाला ते ओळखलं होतं.

“वर्टीसाहेब काय म्हणाले?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “ते काय म्हणाले ते मी सांगणार नाही. मी काय म्हणालो ते ऐक.”